पपनसावरचा दोरा

एटोबिको,
८ जानेवारी २०२४

चि. परीक्षित,

अनेक आशीर्वाद. तुझं नाताळच्या सुट्टीतलं पत्र मिळालं. तपासून सोबत परत पाठवतो आहे. दहापैकी सहा गुण. किचनरला बर्फ किती पडलं हे तू दोनदा लिहिलं आहेस आणि वीणाची नवी नोकरी कशी चालली आहे हे एकदाही नाही. चाळिशी आली तरी महत्त्वाचा मुद्दा गाळायची तुझी आठवीतली सवय गेलेली नाही.

तू फोन न करता पत्र लिहितोस याचं मात्र बरं वाटतं. कानात यंत्र घालूनही फोनवरचं बोलणं मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. रेहाना म्हणते, अब्बा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करा. छत्तीस वर्षं दापोली तालुक्यात इतिहास-भूगोल शिकवलेल्या माणसाने अंगठ्याने अक्षरं टोचत बसायचं, हे काही मला जमणार नाही.

आता कामाचं. आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर एक इंडस्ट्रियल प्लाझा आहे. तिथलं फरश्यांचं बंद पडलेलं दुकान आमच्या लोकांनी नमाजासाठी भाड्याने घेतलं आहे. लोक म्हणजे विमानतळावर माल चढवणारे, लिमो चालवणारे, काही शिकणारी मुलं. सोमालियाचे आहेत, मालीचे आहेत, जावाचे आहेत, हैदराबादचे तर आहेतच. रमजान मार्चमध्ये सुरू होतो, त्याआधी गालिचा अंथरायचा आहे. गालिच्यावर ओळी विणलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीने मक्केकडे तोंड करायचं असतं, एवढं तुला माहीत असेल.

इथेच वाद झाला. मुलांच्या फोनमधलं अ‍ॅप ईशान्य दाखवतं. वडीलधारे म्हणाले, मक्का उष्ण देशात, मग तोंड ध्रुवाकडे कसं करायचं? दोन शुक्रवार अर्धे लोक असे आणि अर्धे तसे उभे राहिले. शेवटी कमिटीचे प्रमुख वर्सामे, सोमालियाचे, लिमो चालवतात, ते माझ्याकडे आले आणि वहीत इंग्रजीत लिहून विचारलं, तुम्ही भूगोलाचे शिक्षक होता ना, मग तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. टोरांटो त्रेचाळीस-चव्वेचाळीस अक्षांशावर, मक्का एकवीसवर. मक्का पूर्वेला आहे आणि आपल्या खाली आहे. म्हणजे पूर्व, आग्नेयेकडे कललेली. मी घरी दोन वर्षं त्याच दिशेला नमाज पढतो आहे. इथल्या बाकीच्या मशिदी ईशान्येला तोंड करून आहेत असं कोणी म्हणालं, तर मी म्हटलं, एकाचं बघून दुसऱ्याने केलं असेल. गंमत म्हणजे त्या दुकानाची लांब भिंत नेमकी माझ्याच दिशेला आहे. गालिचा सरळ बसेल, कापाकापी नको. गालिचेवालाही खूश.

तू नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहेस. मला एक मोठा नकाशा छापून दे. इस्लाम आशियात आणि आफ्रिकेत कुठून कुठे कसा गेला, ते दाखवणारा. दारातच लावू. प्रत्येकाला आपलं गाव त्यात सापडलं पाहिजे.

वीणाला आणि छोट्या ऊर्मीला आशीर्वाद.

तुझा,
अब्दुल लतीफ परकार

किचनर,
१७ जानेवारी २०२४

ती. परकार सर यांना,
सा. न.

पत्र मिळालं. सहा गुण कबूल. वीणाची नोकरी उत्तम चालली आहे. बँकेत आहे, घरून काम करते आणि माझ्यापेक्षा जास्त मीटिंगा करते. ऊर्मी चौथीत आहे. तिला मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते.

नकाशा नक्की करतो. करताना मजा येईल. आमच्या ऑफिसात मोठा प्लॉटर आहे, दारभर कागदावर छापून देईन. तुमचा फळ्यावरचा नकाशा मला अजून आठवतो. तुम्ही हिरव्या खडूने अरबस्तानातून बाण काढत सुटायचात, एक इराणकडे, एक मिसरकडे, एक खाली आफ्रिकेच्या किनाऱ्याने. शेवटचा आमच्या दाभोळच्या खाडीत येऊन थांबायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

एक शंका आहे. आमच्या पुस्तकात त्या धड्यात तलवारीच जास्त होत्या. नकाशात त्या दाखवायच्या का? की वगळायच्या? तुम्ही सांगाल तसं करीन.

गालिचा कधी बसवणार आहेत? अगदी पक्की तारीख ठरली आहे का? थोडी उशिरा ठेवली तरी चालेल का, म्हणजे नकाशा आणि गालिचा एकाच वेळी होईल.

आपला विद्यार्थी,
परीक्षित मयेकर

एटोबिको,
२५ जानेवारी २०२४

चि. परीक्षित,

अनेक आशीर्वाद. सात गुण. प्रगती आहे.

तलवारीचं विचारलंस ते बरं केलंस. वगळू नकोस. तलवारी होत्या. इराण, मिसर, सिंध, तिथे फौजा गेल्या. जे झालं ते झालं म्हणून सांगायचं, इतिहासाच्या मास्तरने लाजायचं नसतं. पण फौज राज्य घेते. माणूस रोज पहाटे उठून कपाळ टेकतो, ते फौजेमुळे नाही, आणि फौज गेल्यावर तर मुळीच नाही. त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आमच्याकडचंच घे. कोकणात अरब आले ते घोडे आणि खजूर विकायला. पावसाळ्याआधीच्या वाऱ्याने यायचं, माल उतरवायचा, आणि परतीचा वारा सुटेपर्यंत चार-सहा महिने बंदरातच राहायचं. सहा महिने राहिलेला माणूस काय करणार? घर करणार, लग्न करणार, आमटीत कोकम घालायला शिकणार. आम्ही परकार म्हणजे असल्याच कुणा खलाशाची पोरं. घरात मराठी बोलतो, मासे खातो आणि दिवसातून पाच वेळा समुद्राकडे तोंड करतो. आमच्या गावची मशीद सरळ पश्चिमेला आहे. काटेकोर पाहिलं तर मक्का पश्चिमेच्या जरा उत्तरेला पडते. हे मी स्वतः मोजून वडिलांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तीनशे वर्षं कोणाची तक्रार आली नाही.

सोमालियात आणि झांजिबारला इस्लाम असाच वाऱ्याने गेला. वर्सामेच्या गावाहून मक्का उत्तरेला. मालीत तो मिठाच्या लाद्यांबरोबर उंटावरून वाळवंट ओलांडून गेला. तिथून मक्का पूर्वेला. जावाला मसाल्याच्या गलबतांतून गेला, त्यात गुजराती होते, मलबारी होते. तिथले सुपार्दी म्हणून आजोबा माझ्या शेजारी बसतात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेला तोंड, आमच्यासारखंच. समरकंदला आधी फौज गेली आणि पुढे तिथल्या लोकांत किती शतकं वाद होता, कोणी दक्षिणेला उभे राहत, कोणी पश्चिमेला. म्हणजे आमचा प्लाझामधला वाद काही पहिला नाही. धर्म नव्या देशात गेला की पहिला प्रश्न हाच पडतो, बाबांनो, उभं कुठे तोंड करून राहायचं?

आणि इथे तो प्रश्न मला विचारला गेला. परीक्षित, तुला एक सांगतो, हे रेहानाला कळवू नकोस. तुझ्या काकू गेल्यावर मी इथे आलो. दोन वर्षांत मला लोकांनी दोनच प्रश्न विचारले, चहा घेणार का आणि थंडी वाजते का. पोरगी जीव लावते, तक्रार नाही. पण मी शिक्षक आहे, मला कोणीतरी काहीतरी विचारायला हवं असतं. वर्सामेने वही पुढे केली तेव्हा मला कोट घालून वर्गात शिरल्यासारखं वाटलं.

गालिचा चोवीस फेब्रुवारीला. तारीख हलणार नाही, मी शब्द दिला आहे.

तुझा,
अ. ल. परकार

किचनर,
६ फेब्रुवारी २०२४

ती. परकार सर यांना,
सा. न.

नकाशा वेगळ्या नळीत घालून पाठवला आहे. एक बदल मी माझ्या मनाने केला आहे, रागावू नका. तुमच्या फळ्यावर बाण अरबस्तानातून बाहेर जायचे. मी वाटा फिकट तपकिरी रंगात दाखवल्या आहेत, वाऱ्याच्या, उंटांच्या, फौजांच्यासुद्धा. पण ठळक हिरवे बाण उलटे आहेत. प्रत्येक गावातून एक, मक्केकडे जाणारा. दाभोळ, मोगादिशू, टिंबक्टू, समरकंद, जावा, चीनचा किनारा. इतक्या लांब जाऊन लोकांनी मागे वळून कुठे पाहिलं, ते दिसावं असं वाटलं. तुमच्या पत्रावरूनच सुचलं.

सोबत दुसरा खोका आहे. इथल्या चिनी ग्रोसरीत त्यांच्या नववर्षासाठी पपनसांचे ढीग लागले आहेत. कोकणातल्यासारखी लाल गराची नाहीत, पण मोठी आहेत. एक पाठवतो आहे. त्यावर दोन टाचण्या टोचल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणला आहे. वरची टाचणी आणि खालची टाचणी नीट पाहा. तुम्हाला आठवेल, आठवी ब, शाळेतला पृथ्वीचा गोल फुटला होता त्या वर्षी.

दोऱ्याकडे लक्ष द्यावं एवढीच विनंती.

आपला,
परीक्षित

एटोबिको,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. परीक्षित,

अनेक आशीर्वाद. पपनस पोचलं. गर पांढरा आहे पण फार गोड. मी, रेहाना आणि सुपार्दी आजोबांनी मिळून संपवलं. त्यांना जावाची आठवण आली, मला आपल्या मागच्या अंगणाची. खोक्यात हलू नये म्हणून दोरा बांधलास ते ठीक, पण टाचण्या कशाला टोचायच्या? रेहाना म्हणाली, अब्बा, नशीब एखादी दाताखाली नाही आली. यापुढे साधा कागद गुंडाळून पाठव.

नकाशा. परीक्षित, मी खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसलो. उलटे बाण. मला छत्तीस वर्षांत सुचलं नाही. वर्सामेने मोगादिशूच्या बाणावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून उभा राहिला. मालीच्या टिंबक्टूवाल्यांनी फोटो काढून घरी पाठवले. हैदराबादकर भांडले, आमचा बाण का नाही म्हणून.

तरीही सात गुण. तीन कापले, कारण तू कॅनडा कोरा ठेवलास. कागदाच्या डाव्या कडेला एवढी मोठी जमीन आणि तिच्यातून एकही बाण नाही? आम्ही काय इथले नाही? महत्त्वाचा मुद्दा गाळायचाच, ही तुझी सवय.

म्हणून तो बाण मी स्वतः काढला. तपासायच्या लाल पेनने, पट्टी लावून, टोरांटोहून पूर्वेला, जरा आग्नेयेकडे कललेला. आता नकाशा दारातच आहे. मुलं येतात, फोन काढतात, माझ्या बाणाकडे बघतात आणि फोन खिशात घालतात.

गालिचा शनिवारी चोवीसला.

तुझा,
अ. ल. परकार

किचनर,
१४ फेब्रुवारी २०२४

ती. परकार सर यांना,
सा. न.

हे पत्र मी जलद टपालाने पाठवतो आहे आणि यात गमतीचं काही नाही.

सर, टोरांटोहून मक्केची दिशा ईशान्य आहे. उत्तरेपासून पूर्वेकडे चोपन्न अंश. तुमचा बाण जवळजवळ पन्नास अंशांनी चुकला आहे. मुलांच्या फोनमधलं अ‍ॅप बरोबर आहे आणि इथल्या इतर मशिदीही बरोबर आहेत.

हे मला तुमच्या पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तारीख पुढे ढकलता येईल का विचारलं, कॅनडा कोरा ठेवला आणि पपनस पाठवलं. मला वाटलं, दोरा बघून तुमचं तुम्हीच ओळखाल आणि मला तुम्हाला चूक म्हणावं लागणार नाही. तुम्ही पपनस खाल्लंत यात तुमची काय चूक? चूक माझी. तुमचं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा वीणा हसत सुटली आणि मग गंभीर झाली. म्हणाली, तू त्यांचा मान ठेवत नाहीयेस, स्वतःची कातडी वाचवतोयस. ऊर्मीने ताटातून मान वर न करता सांगितलं, "बाबा, जस्ट टेल हिम. ही इज अ टीचर."

म्हणून सांगतो. भिंतीवरचा सपाट नकाशा पृथ्वीची साल सोलून चपटी करतो. त्यावर पट्टी ठेवून काढलेली रेघ म्हणजे जवळची वाट नव्हे. गोलावर दोरा ताणला तर तो टोरांटोहून वर चढतो, न्यूफाउंडलँडच्या टोकावरून समुद्रात जातो, आयर्लंडच्या खालून फ्रान्स, इटली, ग्रीस, मिसर असा उतरत मक्केला पोचतो. इथून जेद्दाला जाणारी विमानंही निघताना साधारण तिकडेच वळतात. तुम्ही बाल्कनीतून रोज विमानं बघता.

हे मला कोणी शिकवलं? आठवी ब मध्ये गोल फुटला होता आणि तुम्ही घरून पपनस आणलं होतं. मला पुढे बोलावून ते दोन्ही हातांत धरायला लावलंत. नकाशा खोटं बोलतो, दोरा बोलत नाही, असं म्हणालात. त्या दिवशी मी ठरवलं की मोठेपणी नकाशे करायचे. आज माझं घर चालतं ते त्या एका तासावर, सर.

गालिचा चोवीसला आहे. त्याआधी थांबवा. हवं तर मी येऊन कमिटीला समजावतो आणि चूक माझ्या नकाशाची होती असं सांगतो.

तुमचाच,
परीक्षित

एटोबिको,
१९ फेब्रुवारी २०२४

परीक्षित,

पत्र मिळालं. येऊ नकोस. चूक तुझ्या नकाशाची होती असं कोणालाही सांगू नकोस, ते खोटं आहे.

अ. ल. परकार

किचनर,
२७ फेब्रुवारी २०२४

ती. परकार सर यांना,
सा. न.

आठ दिवस तुमचं पत्र नाही. न राहवून मी रेहानाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शनिवारी गालिचेवाला आला होता आणि गुंडाळी तशीच भिंतीला लावून परत गेला. कारण त्यांना माहीत नाही. तुम्ही कोणाशी लिहूनसुद्धा बोलत नाही, एवढंच म्हणाल्या. आणि तुम्ही त्यांना चिनी दुकानातून तीन पपनसं आणायला लावलीत आणि एकालाही हात लावू दिला नाहीत.

मी काही विचारत नाही. मी तुमच्यावर रागावलेलो नाही आणि तुम्ही माझ्यावर रागावला असाल तर ते मला समजतं. फक्त तुमची तब्येत बरी आहे असं दोन ओळींत कळवा.

आपला,
परीक्षित

एटोबिको,
३ मार्च २०२४

चि. परीक्षित,

अनेक आशीर्वाद. तब्येत बरी आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मला तुझा राग आला. लपवत नाही. पहिला दिवस मी तुझ्या पत्रात चूक शोधण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी रेहानाला पपनसं आणायला लावली. तीन, कारण एकाने मी समाधानी होणार नाही हे मला माहीत होतं. टाचण्या टोचल्या, अक्षांश-रेखांश पेनने काढले आणि दोरा मुद्दाम माझ्या दिशेने लावला. आग्नेयेकडून, खालून. तिथे तो सैल होता. टोकं धरून ताणलं तर दोरा माझ्या देखत सरकला आणि वर गेला. पुन्हा खाली ओढला, पुन्हा वर गेला. तिन्ही पपनसांवर तेच. मी हात लावून थांबवत होतो आणि तो थांबत नव्हता.

तेव्हा मला आठवी ब चा वर्ग आठवला. पपनस धरून तू उभा होतास, तुझे हात लहान पडत होते, म्हणून हनुवटीने आधार दिला होतास. मला हे माहीत होतं, परीक्षित. मीच शिकवलं होतं. मग मी चुकलो कसा, यावर मी चार दिवस विचार केला आणि जे सापडलं ते तुला सांगतो. इथे आल्यापासून मला सगळीकडे बर्फच दिसतं. उत्तरेला तर त्याहून जास्त बर्फ. आपलं घर, समुद्र, मक्का, तुझ्या काकूंची कबर, सगळं माझ्या मनात खाली, उन्हाच्या बाजूला आहे. बर्फाकडे तोंड केलं की घराची वाट सापडते, हे माझं मन मानायलाच तयार नव्हतं. मग मी पट्टी लावली आणि मनाला हवी तीच रेघ काढली. नकाशा खोटं बोलला नाही, मी त्याच्याकडून खोटं वदवून घेतलं.

शनिवारी सकाळी गालिचेवाल्याला परत पाठवलं आणि वर्सामेला वहीत लिहून दिलं, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. त्याने का म्हणून विचारलं नाही. आमच्या इमामसाहेबांनाही एक प्रश्न लिहून विचारला, माझ्या दोन वर्षांच्या नमाजांचं काय? त्यांनी खाली लिहिलं, तुम्ही दिशा मनापासून शोधली होती, तेवढंच तुमच्याकडून अपेक्षित होतं, आता कळल्यावर मात्र वळा. मी म्हटलं, वळतो, पण आधी सगळ्यांना सांगून.

परवा शुक्रवारी जमात भरली. खुत्ब्याच्या, म्हणजे इमामसाहेबांच्या प्रवचनाच्या, आधी वर्सामेने मला पुढे उभं केलं. मी एका हातात पपनस घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, जेवढं येतं तेवढं. तुम्ही मला विचारलंत, मी खात्रीने सांगितलं आणि चूक सांगितलं. मुलं बरोबर होती. माझ्या विद्यार्थ्याने मला दुरुस्त केलं. मग दोरा ताणून दाखवला. पहिल्या ओळीतल्या एका मुलाने फोन काढून त्याचा व्हिडिओ केला, तो तुला येईलच.

बोलून झालं आणि मी थांबलो. लोक बोलत होते हे ओठांवरून कळत होतं, पण एक शब्द ऐकू येत नव्हता. बहिरा माणूस आपली चूक कबूल करतो तेव्हा त्याला माफी मिळाली की नाही हेसुद्धा बघूनच कळावं लागतं. मी बघत राहिलो. मला भीती वाटली, हे खरं. मग सुपार्दी आजोबा उठले. पश्चिमेला तोंड करत ज्यांचं सगळं आयुष्य गेलं, ते माझ्याजवळ आले, माझा दंड धरला आणि मला घेऊन ईशान्येकडे वळून उभे राहिले. त्या बाजूला वॉशरूमची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे विमानतळ. मी मान वळवून मागे पाहिलं. वर्सामे वळला होता. मालीवाले वळत होते. भांडखोर हैदराबादकरसुद्धा. एकेक करत अख्खी खोली वळली आणि ओळी तिरप्या पडल्या, काही लोक कोपऱ्यांत चेपले गेले, तरी कोणी जागा सोडली नाही. नमाज झाला तेव्हा माझे पाय आपोआप जुन्या दिशेला फिरत होते. त्यांना शिकायला थोडे दिवस लागतील.

नकाशा दारातच आहे. तरुण मुलं म्हणाली, अंकल, नवा प्रिंट मागवू. मी नको म्हटलं. माझा लाल बाण खोडून शेजारी बरोबर बाण काढला आहे, वर चढून उतरणारा, तू लिहिलास तसा फ्रान्सवरून. खोडलेला बाण दिसत राहू दे. समरकंदला चारशे वर्षं वाद चालला, आम्ही दोन महिन्यांत मिटवला, हेही इतिहासात यायला हवं.

आता काम. गालिचा तिरपा कापावा लागणार आणि गालिचेवाला म्हणतो, पहिली रेघ कोणीतरी अचूक मारून द्या, मग मी कापतो. शनिवारी नऊ तारखेला सकाळी दहा वाजता तुझं ते मोजायचं यंत्र घेऊन ये. कमिटीत एकाने विचारलं, रेघ मारणारा मुसलमान आहे का. मी म्हटलं, तो माझा विद्यार्थी आहे. ऊर्मीलाही आण. टीचर आहे म्हणून सांगता येतं, असं जिने ओळखलं, तिला मला भेटायचं आहे. दोऱ्याचं एक टोक तिने धरावं.

पपनसं दोन उरली आहेत. ती आपण रेघ मारून झाल्यावर खाऊ.

राहता राहिलं तुझं चौदा तारखेचं पत्र. आजवर तुझं प्रत्येक पत्र मी लाल पेनने तपासून तुला परत पाठवलं. हे मी पाच वेळा वाचलं. पेन घेऊन बसलो तरी त्यावर एकही खूण केली नाही. यावेळी पाकिटात तुझं पत्र शोधू नकोस. ते मी माझ्याजवळ ठेवून घेतो आहे.

तुझा,
परकार सर